कॅमेऱ्याने ठरवलेले सौंदर्य

संध्याकाळी, दिवे लावण्याच्या जरा आधी, खोलीत जो उजेड उरतो त्याचे छायाचित्र फोनवर काढून पाहावे. डोळ्यांना कोपरे काळोखात बुडालेले दिसत असतात, खुर्चीची पाठ तेवढी खिडकीच्या बाजूने उजळलेली असते, भिंतीचा रंग नीटसा ओळखू येत नाही. फोनच्या पडद्यावर मात्र त्याच खोलीत भरदुपार झालेली असते. कोपरे लख्ख, भिंत स्वच्छ, खुर्चीच्या विणीतला धागा न् धागा मोजता येईल असा, आणि खिडकीबाहेरचे आकाशही जागच्या जागी निळे. बटण आपण एकदाच दाबलेले असते, तरी फोनने त्या क्षणाच्या आगेमागे अनेक चौकटी टिपलेल्या असतात; त्या एकमेकींवर बसवून, सावल्या उचलून, झगमगाट दाबून, कडा धारदार करून आणि चेहरा सापडलाच तर त्याची त्वचा थोडी गुळगुळीत करून तो एक चित्र आपल्या हाती ठेवतो. चित्र चांगलेच असते. अडचण एवढीच, की त्यात संध्याकाळ नसते.

छायाचित्रणातून सौंदर्य शोधावे आणि स्वतःची अशी शैली घडवावी, हा सल्ला आज जिथे तिथे ऐकू येतो. त्यासाठी कार्यशाळा चालतात, प्रीसेटचे, म्हणजे चित्राचे रंग एका क्लिकवर बदलणाऱ्या तयार छटांचे, संच त्याच आश्वासनावर विकले जातात, स्पर्धांच्या जाहिराती तुमची वेगळी नजर दाखवा म्हणून आवाहन करतात. सल्ला देणारे आणि घेणारे असे दोघेही एक प्रश्न मात्र बहुधा बाजूला ठेवतात : छायाचित्र कसे दिसावे याचे निर्णय नेमके घेते कोण? माझे म्हणणे असे आहे की काय घ्यायचे, काय सोडायचे, किती उजेड पुरे आणि कुठे थांबायचे या निर्णयांमध्ये वर्षानुवर्षे टिकून राहिलेली सुसंगती म्हणजेच व्यक्तिगत शैली, आणि हे निर्णय फोन बनवणाऱ्या कंपनीकडे, विकतच्या छटांकडे, पाठ केलेल्या नियमांकडे किंवा परीक्षकांच्या पसंतीकडे सोपवले की शैली घडायला जागाच उरत नाही. हा प्रश्न केवळ कलावंतांपुरता नाही. पूर्वी कधी नव्हती इतकी माणसे आज रोज छायाचित्रे काढतात. त्या साऱ्यांच्या संध्याकाळी एकाच पद्धतीने उजळल्या जात असतील, तर जग कसे दिसते याविषयीची आपली सामायिक समजूत मूठभर अभियंत्यांच्या आवडीवर बेतली जाते, आणि त्याची साधी चर्चाही होत नाही.

यावर कोणी म्हणेल की यंत्राकडे काम सोपवणे छायाचित्रणात काही आजचे नाही, आणि ते खरेच आहे. १८८८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर छायाचित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. ती संपली की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा, तिथे फिल्म धुऊन, चित्रे छापून, नवी फिल्म घालून तो परत यायचा. बटण तुम्ही दाबा, बाकीचे आम्ही करतो, अशी त्यांची जाहिरात होती. त्या सोयीमुळे रसायनांचे ज्ञान नसलेली लाखो माणसे छायाचित्रे काढू लागली आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचे काही कारण नाही. पण कारखाना तेव्हा जे करत होता आणि फोन आज जे करतो, त्यांत फरक आहे. कारखाना सर्वांच्या फिल्मा एकाच पद्धतीने धूत होता. चौकटीत आकाश कुठले आणि चेहरा कुठला हे त्याला ठाऊक नव्हते, आणि कोणाची अंधारी खोली उजळून द्यावी असे त्याच्या मनातही येत नव्हते. आजचे यंत्र चित्राचा अर्थ लावून मग ते बदलते. अर्थ लावणे हे तर छायाचित्रकाराचे काम.

हे काम म्हणजे काय, याचे एक सुरेख उदाहरण इंग्लंडमधल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे आहे. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. ओल्या रसायनाचा थर दिलेल्या काचेच्या पट्ट्यांवर चित्र घेण्याचे ते दिवस होते. एक्सपोजर, म्हणजे पट्टीवर उजेड पडू देण्याचा वेळ, लांबलचक; समोरच्या माणसाने जरा मान हलवली तरी चित्र पुसट व्हायचे. कॅमेरॉन यांची व्यक्तिचित्रे जवळून घेतलेली, मऊ, किंचित हललेली आणि पट्टीवरच्या डागांसकट छापलेली असत. तेव्हाच्या छायाचित्रण संस्थेतल्या जाणकारांना हा निव्वळ आळशीपणा वाटला. कॅमेरॉन यांनी स्वतः मात्र पुढे लिहून ठेवले आहे की फोकस करताना डोळ्यांना सुंदर वाटेल अशा बिंदूपाशी आपण थांबत होतो, आणि इतर सगळे ज्या काटेकोर फोकससाठी भिंग आणखी फिरवतात तिथवर जात नव्हतो. लेन्सचा स्क्रू आणखी थोडा फिरवता येत असताना तो फिरवायचा नाही, हा निर्णय किती लहान आहे! पण दीडशे वर्षांनंतरही त्यांचे चित्र नाव न वाचता ओळखू येते ते त्याच्याच बळावर. आजच्या फोनने ती सारी चित्रे दुरुस्त केली असती.

सौंदर्य छायाचित्राच्या विषयात असते ही समजूत काटेकोर फोकसच्या आग्रहाहूनही चिवट आहे. सुंदर छायाचित्र हवे तर सुंदर ठिकाणी जावे, सुंदर चेहरा शोधावा, सूर्य मावळताना उभे राहावे, असे आपण धरून चालतो. त्यामुळेच जगातल्या काही मोजक्या कड्यांवर, पुलांवर आणि तळ्याकाठी ट्रायपॉडची रांग लागते आणि रांगेतला प्रत्येक जण आधीच पाहिलेले चित्र पुन्हा काढून परततो. या धडपडीत हौस असते, कष्ट असतात, आणि निर्णय जवळपास एकही नसतो. ठिकाण, वेळ, लेन्स, उभे राहण्याची जागा हे सगळे आधीच्या कोणीतरी ठरवून दिलेले असते.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३० च्या ऑगस्टमध्ये ढोबळी मिरची समोर ठेवली. रंगावरून किंवा ताजेपणावरून ती खास नव्हती. वेडीवाकडी होती, इतकेच. साध्या पार्श्वभूमीवर आणि कापडावर ती ठेवून त्यांनी आधी बरीच चित्रे घेतली होती, पण मिरची पार्श्वभूमीपासून हवी तशी सुटून येत नव्हती. मग त्यांनी ती एका पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या वळलेल्या पत्र्यावरून उजेड उलटून तिच्या कडांवर आला, मागे गडद पोकळी तयार झाली, आणि मिरचीच्या घड्यांना पाठीच्या स्नायूंचा ताण आला. ते चित्र आज ‘मिरची क्रमांक ३०’ या नावाने ओळखले जाते. नावातला आकडाच सांगतो की आधीच्या प्रयत्नांवर ते समाधानी नव्हते. समोर तीच वस्तू, तोच मोठा कॅमेरा, तोच माणूस. फरक पडला तो उजेड कुठून यावा या निर्णयाने. वेस्टन यांची वाळूच्या टेकड्यांची, शंखांची किंवा मानवी देहाची चित्रे पाहताना हाच निर्णय पुन्हा पुन्हा भेटतो : कडेवरून सरकणारा मंद उजेड, आणि आकाराला त्याच्या नावापासून सोडवण्याची ओढ.

चेक छायाचित्रकार योसेफ सुडेक यांची गोष्ट तर याहून टोकाची आहे. पहिल्या महायुद्धातल्या जखमेमुळे त्यांना उजवा हात गमवावा लागला होता, आणि तरीही ते जड, मोठ्या आकाराचे कॅमेरे वापरत. १९४० ते १९५४ या काळात त्यांनी प्रागमधल्या आपल्या लहानशा लाकडी स्टुडिओच्या खिडकीची छायाचित्रे काढली. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात होते, बाहेर कॅमेरा घेऊन फिरणे अवघड होते, हे एक कारण झाले. पण युद्ध संपल्यावरही ते खिडकीपाशी येतच राहिले. चित्रांत असते काय? काचेवर जमलेला दमट थर, त्यातून ओघळलेले थेंब, बाहेर एक वाकडे झाड, खिडकीच्या फळीवर कधी पाण्याचा पेला तर कधी एखादे फूल. काच कधी पारदर्शक, कधी दुधाळ, कधी गोठलेली. मोठे करून छापणे त्यांनी १९४० च्या सुमारास सोडून दिले होते. निगेटिव्ह जेवढी, तेवढेच चित्र, कागदावर थेट टेकवून छापलेले. त्यामुळे करड्या रंगाच्या इतक्या पायऱ्या त्यांत उतरतात की काचेवरचा ओलावा बोटाला लागेल असे वाटते. ही खिडकी दाखवण्याजोगे स्थळ म्हणून कोणाच्याही यादीत आली नसती. इतका काळ एकाच काचेकडे परतण्याची तयारी हीच इथे शैली आहे, आणि ती कोणत्याही दुकानात मिळण्यासारखी नाही.

आता प्रीसेटविषयी. एका क्लिकवर सावल्यांत हिरवट झाक, उजेडात नारिंगी ऊब आणि वर फिल्मचा खोटा खरखरीतपणा चढवणारे हे तयार संच आज शैली म्हणून विकले जातात. ते वापरले की एखाद्याची सगळी चित्रे एकमेकांसारखी दिसू लागतात, आणि या एकसारखेपणालाच शैली समजण्याची गल्लत होते. ती चित्रे एकमेकांसारखी दिसतात तशीच तोच संच विकत घेतलेल्या हजारो अनोळखी लोकांच्या चित्रांसारखीही दिसतात, ही बाब सोयीस्करपणे नजरेआड होते. मला यात सर्वांत खटकते ते असे की रंगाचा निर्णय इथे चित्र काढून झाल्यावर, चित्रात काय आहे हे न विचारता, सरसकट लागू होतो. पावसाळी सकाळ असो की रुग्णालयाचा बोळ, दोन्हींवर तीच ऊब.

फिल्टर वापरणेच चुकीचे, असे मात्र माझे म्हणणे नाही. १० एप्रिल १९२७ रोजी अमेरिकन छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्स कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीतल्या हाफ डोमच्या प्रचंड कड्यासमोर कॅमेरा लावून उभे होते. हाताशी अगदी थोड्या काचपट्ट्या उरल्या होत्या. त्यांनी नेहमीचा पिवळा फिल्टर लावून एक चित्र घेतले आणि लगेच त्यांच्या लक्षात आले की त्यात आकाश फिकट येईल. कड्यासमोर उभे राहून जो दरारा जाणवतो आहे तो काही उतरणार नाही. शेवटच्या पट्टीवर त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. निळ्या आकाशातून येणारा प्रकाश लाल काच अडवते, म्हणून कृष्णधवल चित्रात आकाश जवळजवळ काळे झाले आणि त्यासमोर खडक उभा ठाकला. हासुद्धा फिल्टरच होता, आणि प्रत्यक्ष डोळ्यांना दिसलेल्या आकाशाशी तो मुळीच प्रामाणिक नव्हता. पण चित्र कसे हवे ते आधी मनात ठरले, मग त्यासाठी साधन निवडले गेले. क्रम महत्त्वाचा आहे. प्रीसेटमध्ये तो उलटा होतो.

निर्णयाला कारण असले पाहिजे हा मुद्दा बर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन दांपत्याच्या कामातून अधिक स्पष्ट होतो. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांची छायाचित्रे काढली. आकाश नेहमी ढगाळ, वस्तू नेहमी चौकटीच्या मधोमध, माणूस बहुधा नाहीच. ही चित्रे ते नऊ, बारा किंवा पंधरा अशा जाळीत मांडत. वरवर पाहणाऱ्याला हे रूक्ष वाटते. पण ढगाळ आकाश त्यांनी उदास वातावरणासाठी निवडलेले नव्हते. ऊन असले की सावली पडते, सावली आकार झाकते, आणि त्यांना तर एका टाकीचा आकार दुसरीच्या शेजारी ठेवून पाहायचा होता. प्रत्येक निर्णय त्या एका हेतूकडे वळलेला आहे. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले तेही शिल्पकलेसाठीचे! बर्न्ड बेशर यांनी १९७६ पासून ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकवले. तिथे शिकलेल्यांपैकी आंद्रेआस गुर्स्की अवाढव्य रंगीत दृश्यांकडे गेले, कांडिडा ह्योफर ग्रंथालयांसारख्या निर्मनुष्य दालनांकडे, थॉमस रूफ पासपोर्टसारख्या सपाट चेहऱ्यांच्या भिंतीएवढ्या चित्रांकडे. गुरूंचे ढगाळ आकाश कोणी उचलले नाही. कारण शोधून मग निर्णय घ्यायचा, ही रीत उचलली. शैलीचे शिक्षण देता येते का, या जुन्या वादाला माझ्या मते हे पुरेसे उत्तर आहे.

नियमांच्या बाबतीत आपली कार्यशाळा-संस्कृती फार भाविक आहे. चौकटीचे उभे-आडवे तीन भाग करा आणि मुख्य वस्तू रेषा छेदतात तिथे ठेवा, हा तृतीयांशाचा नियम नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकवला जातो. कित्येक कॅमेऱ्यांच्या पडद्यावर त्याच्या रेघाच आखलेल्या असतात. हा नियम या नावाने लिहून ठेवला तो जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने, १७९७ मध्ये, ग्रामीण निसर्गदृश्यांविषयीच्या एका पुस्तकात. म्हणजे छायाचित्रणाच्या जन्माआधी चार दशके, वेगळ्याच कलेतल्या एका विशिष्ट प्रकारच्या चित्रांसाठी केलेली ती सूचना होती. सूचना म्हणून ती उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. तिला कायदा मानले की मात्र जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांची समुद्राची चित्रे पहिल्याच फेरीत बाद करावी लागतील. १९८० पासून ते जगभरच्या समुद्रांची चित्रे घेत आले आहेत आणि त्या प्रत्येकात क्षितिज चौकटीला बरोबर मधोमध कापते : वर हवा, खाली पाणी, दुसरे काही नाही. क्षितिज एक तृतीयांशावर सरकवले असते तर ती आकाशाची किंवा पाण्याची चित्रे झाली असती. मधोमध ठेवल्यामुळे दोघांचा तोल हाच विषय झाला.

नियमांच्या रखवालदारांना नवे सौंदर्य ओळखता आले नाही याचे दाखले छायाचित्रणाच्या इतिहासात जागोजागी आहेत. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांचे अमेरिकेवरचे पुस्तक १९५९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले तेव्हा तिथल्या एका छायाचित्रण मासिकाने त्यांची चित्रे पुसट, दाणेदार आणि झिंगल्यासारख्या क्षितिजांची ठरवली. विल्यम एगलस्टन यांच्या रंगीत चित्रांचे प्रदर्शन १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भरले, तेव्हा समीक्षकांनी ती अगदीच सामान्य म्हणून निकालात काढली. रंग हा जाहिरातींचा आणि घरगुती अल्बमांचा, असा तेव्हाचा शिष्टसंमत समज होता. त्याच समजाला रघुबीर सिंग यांनी वेगळ्या दिशेने आव्हान दिले. भारतीय कलापरंपरेची नजर रंगातूनच पाहते, कृष्णधवलाची उदासी ही पाश्चात्त्य मनोवृत्ती आहे, अशी त्यांची भूमिका होती आणि आयुष्यभर त्यांनी रंगीत फिल्मवरच काम केले. हे मत मला पूर्ण पटत नाही, कारण कृष्णधवलात उत्तम काम केलेले भारतीय छायाचित्रकारही पुष्कळ आहेत. पण रंग का, याचे स्वतःचे उत्तर त्यांच्यापाशी होते, आणि ते उत्तर त्यांच्या चित्रांत दिसते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. नियम मोडले की शैली होते असे मानले, तर प्रत्येक कललेले क्षितिज आणि प्रत्येक हललेले चित्र कलाकृती म्हणून मिरवेल. तसे होतेही; नियमभंगाचेही आता प्रीसेट निघाले आहेत. चूक आणि निर्णय यांत फरक करायचा कसा? एकट्या चित्रावरून तो पुष्कळदा करता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. वीस-पंचवीस चित्रे शेजारी ठेवली की मात्र तो बऱ्यापैकी कळतो. फ्रँक यांच्या पुस्तकात ८३ छायाचित्रे आहेत आणि ती २७ हजारांच्या वर टिपलेल्या चौकटींतून निवडलेली आहेत. काँटॅक्ट शीटवर, म्हणजे अख्ख्या रोलच्या चौकटी एकाच कागदावर लहान लहान छापून, त्यांवर रंगीत पेन्सिलीने खुणा करत, मोठे प्रिंट भिंतीवर लावून आणि पुन्हा काढून ही निवड झाली. एवढ्या चाळणीतून उरलेले कललेले क्षितिज अपघाताने उरलेले नसते. एखाद्याची नजर पाहायची असेल तर त्याने काय टिपले याच्या इतकेच त्याने काय बाजूला टाकले हेही पाहायला हवे, आणि आजच्या सवयींमध्ये नेमकी हीच पायरी गळून पडली आहे. साठवण स्वस्त झाल्यापासून आपण टाकून देत नाही. फोन स्वतःच ‘सर्वोत्तम’ चौकट निवडून देतो, वर्षअखेरीस आठवणींचा अल्बमही तोच लावतो.

नुसत्या निवडीवरही हे थांबत नाही. अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या गावावर उगवलेल्या चंद्राचे चित्र घेतले आणि त्याच निगेटिव्हवरून पुढची कित्येक वर्षे प्रिंट काढले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडे आहे, त्यात ढगांच्या फिकट रेघा दिसतात. उत्तरायुष्यातल्या प्रिंटमध्ये ते आकाश जवळजवळ काळेभोर झाले आहे. निगेटिव्ह तीच, माणूसही तोच, पण त्याला काय हवे ते बदलत गेले. शैली एकदा सापडली की कायमची हाती लागते, या कल्पनेवर विसंबून जे अभ्यासक्रम ती काही आठवड्यांत मिळवून देण्याची हमी देतात, त्यांनी हे दोन प्रिंट शेजारी लावून दाखवावेत.

बहुतेक लोक छायाचित्रे आठवणीसाठी काढतात, त्यांना शैलीशी काय देणेघेणे, असेही विचारले जाईल. वाढदिवसाचे चित्र स्पष्ट यावे, अंधारात चेहरे दिसावेत, ही अपेक्षा अगदी योग्य आहे आणि फोन ती उत्तम पुरी करतो. माझा आक्षेप त्याच्या मदतीला नाही. ती मदत नाकारण्याचा मार्ग लपवलेला असतो, याला आहे. पडद्यावर बोट टेकवून सूर्याची खूण खाली ओढली की चित्र गडद होते, एवढेही कित्येकांना ठाऊक नसते, कारण तसे कोणी सांगत नाही. आणि तसे केल्यावरही फोन सावल्या थोड्याफार उचलतोच. प्रक्रिया न केलेली रॉ फाइल मिळण्याची सोय अनेकदा महागड्या मॉडेलांपुरती राखलेली असते. कंपन्यांनी सर्व फोनांमध्ये, सहज सापडेल अशा जागी, ही प्रक्रिया कमी करण्याची आणि पूर्ण बंद करण्याची सोय द्यावी, आणि चित्रावर काय काय केले गेले हे पाहू इच्छिणाऱ्याला दाखवावे, ही मागणी मला ग्राहकहक्काइतकीच सांस्कृतिक वाटते.

सौंदर्याच्या बाजूने बोलताना एक सावधगिरी पाळावी लागते. ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाओ साल्गादो यांनी दुष्काळ, स्थलांतर आणि कष्टकरी माणसे यांची इतकी देखणी चित्रे काढली की दुःखाला शोभेची वस्तू बनवल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. मला तो आरोप अर्धाच खरा वाटतो, कारण अनाकर्षक चित्राने दुःखी माणसाचा सन्मान वाढतो असेही नाही. पण समोरचे माणूस आणि आपली शैली यांत ओढाताण झाली तर कोणाचे ऐकायचे, हाही निर्णयच आहे आणि तो यंत्रावर सोडता येणार नाही.

राहता राहिल्या स्पर्धा आणि संस्था, ज्यांच्या हाती हौशी छायाचित्रकारांची रुची घडवण्याचे सर्वाधिक सामर्थ्य आहे. २०२३ मध्ये सोनीच्या जागतिक छायाचित्रण स्पर्धेतल्या एका विभागात बोरिस एल्डाग्सेन यांच्या चित्राला पारितोषिक जाहीर झाले आणि ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले आहे असे सांगून त्यांनी ते नाकारले. त्या घटनेवरची बहुतेक चर्चा खऱ्या-खोट्याच्या अंगाने झाली. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. एकच, सुटे, पहिल्या नजरेत भुरळ घालणारे चित्र निवडण्याची पद्धत असेल, तर भुरळ घालण्यात तरबेज असलेले यंत्र तिथे कधी ना कधी जिंकणारच. माणसांनाही आपण वर्षानुवर्षे त्याच कसोटीसाठी तयार करत आलो आहोत. हे बदलायचे तर सुट्या चित्रांऐवजी एकाच विषयावरच्या पंधरा-वीस चित्रांची मालिका मागवावी, तिच्यासोबत न निवडलेल्या चौकटींची काँटॅक्ट शीट मागवावी, आणि बक्षीस देताना परीक्षकांनी मालिकेतला कोणता निर्णय त्यांना पटला ते चार ओळींत लिहून जाहीर करावे. वर्गांमध्येही तृतीयांशाच्या रेघा आखून देण्याआधी विद्यार्थ्याला एकच खिडकी, एकच लेन्स आणि महिनाभराचा वेळ द्यावा. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतांश काम पन्नास मिलिमीटरच्या एकाच लेन्सवर केले आणि घेतलेली चौकट सहसा कापली नाही, त्यामुळे साधनांची टंचाई हे काही शिक्षणातले अपंगत्व ठरत नाही.

यासाठी नवे तंत्र लागत नाही की मोठा खर्चही येत नाही. परीक्षकांना प्रत्येक स्पर्धकासाठी काही सेकंदांऐवजी काही मिनिटे द्यावी लागतील, आणि काँटॅक्ट शीट दाखवायची म्हटल्यावर प्रवेशिकांची संख्या बरीच घटेल. ती घटलेलीच बरी.